रेषेवर थांबलेला माल कोणाचा?
शेजारी देशांशी व्यापार करू पाहणाऱ्या उत्पादक कंपन्या आणि लहान निर्यातदारांसाठी

१४ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात एकाएकी बंद केली. त्या वेळी महाराष्ट्रातून निघालेले कांद्याचे ट्रक पश्चिम बंगालमध्ये पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर आणि हिलीच्या नाक्यांवर रांगेत उभे होते. पलीकडे खरेदीदार तयार होता. सौदा झालेला होता. तरीही फाटक बंद झाले आणि ताडपत्रीखालच्या गोण्यांना पाणी सुटू लागले. काही दिवसांनी अडकलेले काही ट्रक सोडण्यात आले, तोवर त्यातला बराच कांदा सडलेला होता.

अशा वेळी एकच प्रश्न उरतो : फाटकापाशी उभा असलेला तो माल त्या क्षणी कोणाचा? पाठवणाऱ्याचा, घेणाऱ्याचा की मधल्या दलालाचा? ज्याच्या कागदात याचे उत्तर नसते, त्याला ते स्वतःच्या नुकसानीतून मिळते.

शेजारी देशांशी व्यापार कसा करावा, याची माहिती देताना कोणता परवाना कुठे मिळतो हे बहुतेक वेळा सांगितले जाते. ते आवश्यकच आहे आणि पुढे तेही येईल. पण या व्यापाराचे मर्म परवान्यात नाही, ते सीमेवरच्या त्या दोनशे मीटरमध्ये आहे. तिथे किती दिवस लागतील, तो खर्च कोण सोसेल आणि वाट बंद झाली तर काय करायचे, या तीन गोष्टी माल भरण्याआधी ठरवा. लेखाचा गाभा एवढाच आहे. बाकी सगळे त्याच्या तयारीसाठी.

शेजारच का?

दक्षिण आशियातल्या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम पाच टक्क्यांच्या घरात आहे. एवढ्या जवळच्या, एकसारखे खाणाऱ्या-पिणाऱ्या देशांसाठी हा आकडा फार लहान आहे. याचा दुसरा अर्थ असा की इथे वाढायला भरपूर जागा आहे.

लहान निर्यातदाराला शेजारी देश आणखी एका कारणाने सोयीचे आहेत. युरोपला द्राक्ष पाठवायचे तर शीत कंटेनर, अवशेष तपासणी आणि आठवड्यांचा सागरी प्रवास, एवढे सगळे जुळवावे लागते. शेजारी देशात एका ट्रकने सुरुवात करता येते. चार-पाच दिवसांत माल सीमेवर पोहोचतो, चूक झाली तर ती एका ट्रकपुरती राहते आणि पुढच्या फेरीत सुधारता येते. नाशिकचा कांदा आणि द्राक्षे, विदर्भातली संत्री आणि कापूस यांना बांगलादेशात जुनी गिऱ्हाइकी आहे. बाजार नव्याने घडवायचा नाही, त्यात विश्वासाने उभे राहायचे आहे.

आधी शेजारी निवडा

सगळे शेजारी सारखे नाहीत. पहिला निर्णय इथेच घ्यायचा.

नवख्याला नेपाळ सर्वांत सोपा. बिहारमधले रक्सौल आणि पलीकडचे बीरगंज हा मुख्य मार्ग. नेपाळी रुपयाचा दर १९९३ पासून एका भारतीय रुपयाला १.६० असा बांधलेला आहे आणि व्यवहार भारतीय रुपयात होतो. त्यामुळे डॉलरच्या चढउताराची चिंता नाही. बोलणी हिंदीत होऊ शकतात. नेपाळी व्यापारी सीमाशुल्काला 'भन्सार' म्हणतो. हा शब्द तुमच्या कानावर रोज पडेल.

भूतानशी आपला मुक्त व्यापार आहे आणि तिथले नुल्ट्रम हे चलन रुपयाच्या बरोबरीने चालते. पश्चिम बंगालमधल्या जयगावहून फुंटशोलिंगला माल जातो. बाजार लहान आहे, पण पैशाची गुंतागुंत कमी.

श्रीलंका हा समुद्रापलीकडचा शेजारी. त्याच्याशी झालेला मुक्त व्यापार करार २००० पासून लागू आहे. न्हावा शेवाहून कोलंबोला कंटेनर जातो. मात्र कोणत्या वस्तूला सवलत आहे आणि कोणती वगळलेली आहे, ते यादीत पाहूनच भाव द्या.

बांगलादेश हा सर्वांत मोठा आणि महाराष्ट्रासाठी सर्वांत महत्त्वाचा बाजार. जोखीमही तिथेच सर्वाधिक. म्हणून या लेखात पुढची उदाहरणे मुख्यतः तिथली आहेत. पाकिस्तानशी असलेला अटारीचा रस्ता एप्रिल २०२५ मध्ये बंद झाला. राजकारणापुढे व्यापाराची वाट किती नाजूक असते, हे त्यावरून ध्यानात घ्या.

घरची कागदपत्रे

ही कामे सौदा ठरण्याआधी करून ठेवा. सौदा झाल्यावर धावपळ केली की दलाल सांगेल त्या दराने ती करावी लागतात.

पहिला कागद आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पॅनच्या आधारे ५०० रुपये शुल्क भरून तो मिळतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती अद्ययावत करावी लागते. ते राहिले तर कोड निष्क्रिय होतो आणि हे अनेकांना नाक्यावर गेल्यावर कळते.

दुसरे, तुमच्या बँकेचा एडी कोड. तो सीमाशुल्क विभागाच्या आइसगेट प्रणालीवर नोंदवावा लागतो आणि ज्या नाक्यावरून माल जाणार त्या नाक्यासाठी नोंदवावा लागतो. न्हावा शेवासाठी केलेली नोंदणी पेट्रापोलला चालेल, असे गृहीत धरू नका.

तिसरे, फळे-भाजीपाल्यासाठी अपेडा या कृषी निर्यात प्राधिकरणाची नोंदणी. चौथे, माल जीएसटीला पात्र असेल तर कर न भरता निर्यात करण्यासाठीचे हमीपत्र, म्हणजे एलयूटी. हे दर आर्थिक वर्षाला नव्याने द्यावे लागते.

पाचवा कागद प्रत्येक खेपेला लागतो : रोग-कीडमुक्ततेचे प्रमाणपत्र, म्हणजे फायटो. इथे एक बारकावा आहे. बांगलादेशचा आयातदार आधी आपल्या सरकारकडून आयात परवाना घेतो आणि त्यात अटी लिहिलेल्या असतात. त्या परवान्याची प्रत मागवून घ्या. प्रमाणपत्रातला मजकूर त्या अटींशी अक्षरशः जुळला पाहिजे. मालाचे नाव, वजन, नाक्याचे नाव यात एका ठिकाणी फरक पडला तरी पलीकडचा अधिकारी गाडी थांबवू शकतो. लाकडी पॅलेट वापरत असाल तर त्यावर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का हवा.

ज्या वस्तूला सवलतीचा कर लागू होतो, तिच्यासाठी मूळ देशाचे प्रमाणपत्रही घ्या. साफ्टा हा दक्षिण आशियाई करार २००६ पासून लागू आहे, पण सवलत आपोआप मिळत नाही. प्रमाणपत्र जोडले तरच मिळते.

हे सगळे शिकायला पुण्यातल्या महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाचे निर्यात प्रशिक्षण वर्ग उपयोगी आहेत. उत्पादक कंपनीने अध्यक्षांऐवजी रोजचे कागद हाताळणाऱ्या माणसाला तिथे पाठवावे.

खरेदीदार आणि पैसा

खरेदीदार फोनवर मिळतो, पण ओळख प्रत्यक्ष भेटीतूनच होते. त्याचे आयात नोंदणी प्रमाणपत्र मागा. तो मागची तीन वर्षे कोणाकडून माल घेत होता ते विचारा आणि त्या विक्रेत्याला गाठा. त्याचा बँकर कोण, हे तुमच्या बँकेमार्फत तपासून घ्या. ज्याला ही विचारपूस आवडत नाही, त्याच्याशी उधारीचा व्यवहार करू नका.

बांगलादेशशी व्यवहार प्रामुख्याने एलसीवर, म्हणजे बँकेच्या पतपत्रावर चालतो. डॉलरखेरीज जुलै २०२३ पासून रुपयात व्यवहार करण्याची सोयही झाली आहे. एलसी हातात आली म्हणजे पैसे आले, असे समजू नका. ती वाचावी लागते. पाच गोष्टी खास पाहा.

एक, ती रद्द न करता येणारी आणि शक्यतो कागद दाखवताच पैसे देणारी असावी. दोन, टप्प्याटप्प्याने माल पाठवण्यास तिच्यात मुभा असावी. कांद्याचा सौदा दहा ट्रकांचा असतो आणि दहाही ट्रक एका दिवशी पलीकडे जात नाहीत. तीन, माल पाठवण्याची शेवटची तारीख आणि कागद सादर करण्याची मुदत यांत नाक्यावर थांबण्याचे दिवस धरलेले असावेत. चार, नाक्याचे नाव. 'पेट्रापोल' लिहिले असेल आणि गर्दीमुळे गाडी घोजाडांग्याला वळवली, तर एलसीत दुरुस्ती करून घ्यावी लागते.

पाचवी गोष्ट वजनाची. एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत मालाच्या परिमाणात पाच टक्के कमी-अधिक चालते. पण एलसीत गोण्यांची किंवा कॅरेटची ठरावीक संख्या लिहिलेली असेल, तर ही सूट मिळत नाही. कांदा वाटेत वाळतो, म्हणून त्याची एलसी टनांत उघडायला सांगा आणि कमी-अधिक वजनाची टक्केवारी स्पष्ट लिहून घ्या. एका ओळीच्या या दुरुस्तीने पुढचा वाद टळतो.

बांगलादेशात २०२२ नंतर डॉलरची टंचाई झाली आणि तिथल्या आयातदारांना एलसी उघडणेही अवघड गेले. खरेदीदार सचोटीचा असूनही पैसे अडकू शकतात, ते असे. त्यामुळे मोठ्या रकमेच्या एलसीला भारतातल्या किंवा तिसऱ्या देशातल्या बँकेची पुष्टी मागा. निर्यात पत विम्यासाठी ईसीजीसी ही सरकारी कंपनी १९५७ पासून काम करते आहे. विम्याचा हप्ता भावात धरा.

आणखी एक. 'बीजक कमी रकमेचे करा, उरलेले रोख देतो' असे कोणी सुचवले तर नकार द्या. त्या रोख पैशावर तुमचा कायदेशीर हक्क राहत नाही, विमा मिळत नाही आणि परकीय चलन कायद्याखाली तुम्हीच दोषी ठरता.

फाटकापाशी काय घडते

नाशिकहून निघालेला ट्रक जवळपास दोन हजार किलोमीटर जातो. पेट्रापोल कोलकात्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. इथे २०१६ पासून एकात्मिक तपासणी नाका आहे. वाहनतळ, वजनकाटा, गोदामे, सीमाशुल्क आणि वनस्पती तपासणी हे सगळे एका आवारात. पलीकडे बेनापोल.

ट्रक पोहोचला की लगेच पलीकडे जात नाही. पश्चिम बंगालमध्ये 'सुविधा' या प्रणालीवर गाडीची वेळ आधी आरक्षित करावी लागते. मग तुमचा सीमाशुल्क दलाल, म्हणजे सीएचए, जमिनीवरच्या निर्यातीसाठी असलेले 'बिल ऑफ एक्स्पोर्ट' दाखल करतो. तपासणी होते, निर्यातीची परवानगी मिळते. चालकाला 'कार पास' मिळतो आणि भारतीय ट्रक बेनापोलच्या आवारापर्यंत जातो. तिथे माल उतरवून बांगलादेशी ट्रकमध्ये भरला जातो आणि आपला ट्रक रिकामा परततो. भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान यांनी १५ जून २०१५ रोजी थिंपूमध्ये मोटार वाहन करार केला खरा, पण थेट ढाक्यापर्यंत आपला ट्रक नेण्याची सोय अजून प्रत्यक्षात आलेली नाही.

म्हणजे माल एकदा जास्त हाताळला जातो. बांधणी त्या हिशेबाने करा. गोणीची शिवण पक्की हवी. संत्र्याचे किंवा द्राक्षाचे कॅरेट दुसऱ्या ट्रकमध्ये पुन्हा रचताना दबणार नाही असे हवे. नाशिकच्या खळ्यावर चांगले दिसणारे पॅकिंग बेनापोलच्या हमालाच्या पाठीवरून उतरल्यावर कसे राहते, ते पहिल्या खेपेला स्वतः जाऊन पाहा.

दिनदर्शिका दोन्ही देशांची लावा. बांगलादेशात शुक्रवारी साप्ताहिक सुटी असते, नेपाळात शनिवारी, आपल्याकडे रविवारी. दुर्गापूजा, दिवाळी, दशैं आणि दोन्ही ईद यांच्या आसपास नाका मंदावतो. गुरुवारी संध्याकाळी पेट्रापोलला पोहोचेल असा ट्रक भरणे म्हणजे नाशवंत माल जाणूनबुजून थांबवणे होय. गाडी शनिवार ते मंगळवार या काळात नाक्यावर लागेल, अशी निघण्याची वेळ ठरवा.

सीएचए निवडताना दर शेवटी विचारा. नाशवंत मालाचे काम तो नेहमी करतो का, बेनापोलच्या दलालाशी त्याचा रोजचा संपर्क आहे का आणि तो रात्री फोन उचलतो का, हे आधी.

दीड रुपयाचा हिशेब

हिशेबाची रीत कळावी म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. २५ टन कांदा २० रुपये किलोने घेतला : पाच लाख. निवड, गोणी, हमाली किलोला दोन रुपये : ५० हजार. सीमेपर्यंतचे भाडे दीड लाख धरू. एकूण सात लाख, म्हणजे किलोला २८ रुपये. साडेएकोणतीसला सौदा झाला आणि किलोमागे दीड रुपया सुटणार म्हणून तुम्ही निघालात.

आता ट्रक नाक्यावर पाच दिवस जास्त थांबला. थांबण्याचे रोज तीन हजार, म्हणजे १५ हजार. वाळून आणि सडून तीन टक्के वजन गेले, म्हणजे ७५० किलो. खर्च झाला सात लाख १५ हजार आणि विकायला राहिले २४ हजार २५० किलो. किलोची किंमत पडली सुमारे २९ रुपये ४८ पैसे. पाच दिवसांत दीड रुपया संपला.

म्हणून भाव ठरवताना 'पोच' हा शब्द मोघम ठेवू नका. पेट्रापोल पोच की बेनापोल पोच? नाक्यावर किती दिवसांपर्यंतचे थांबणे तुमच्या खर्चाने आणि त्यानंतरचे कोणाच्या? घट किती टक्क्यांपर्यंत मान्य? वजन कोणत्या काट्यावरचे धरायचे? दोन्ही सरकारांपैकी कोणी बंदी घातली किंवा कर वाढवला तर सौदा रद्द, की वाढीव भार वाटून घ्यायचा? हे पाच प्रश्न आणि त्यांची उत्तरे एका पानावर मावतात. ते पान सहीनिशी हातात असल्याखेरीज गाडी भरू नका.

धोरण बदलेल हे धरूनच चला

कांद्याचा अलीकडचा इतिहास पाहा. सप्टेंबर २०१९ मध्ये बंदी, मार्च २०२० मध्ये मोकळीक. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी, जानेवारी २०२१ पासून मोकळीक. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलर किमान भाव, ८ डिसेंबरपासून संपूर्ण बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण शुल्क राहिले. ते सप्टेंबरमध्ये २० टक्के झाले आणि १ एप्रिल २०२५ ला गेले.

पलीकडेही हेच चालते. तिथल्या शेतकऱ्यांचा कांदा बाजारात येतो, तेव्हा बांगलादेश आयात परवाने देणे थांबवतो. त्याच्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने ते योग्यच आहे. नागपुरी संत्र्यावरचा बांगलादेशचा आयात कर २०१९ मध्ये किलोला सुमारे २० रुपये होता, तो २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर गेला. वरूड, मोर्शी, काटोलच्या बागाईतदारांना त्याचा फटका थेट बसला. नेपाळने जून २०१९ मध्ये भारतीय भाजीपाल्यासाठी कीटकनाशक अवशेषांची तपासणी अचानक सक्तीची केली आणि काही आठवड्यांत मागे घेतली. तेवढ्यात रांगा लागल्याच. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशने जमिनीवरच्या नाक्यांतून भारतीय सूत घेणे बंद केले. सूत पाठवणाऱ्यांना समुद्रमार्गाकडे वळावे लागले.

यातून तीन नियम निघतात. पहिला, दोन्ही देशांतल्या पिकाची वेळ पाहा. इकडे भाव चढले की आपले सरकार हात आखडते, तिकडे पडले की त्यांचे. या दोहोंच्या मधला काळ तुमचा. दुसरा, एका देशावर, एका नाक्यावर, एका मालावर अर्ध्याहून अधिक उलाढाल ठेवू नका. तिसरा, परतीची सोय आधी करून ठेवा. फळाचा ट्रक अडकला तर कोलकात्याच्या मेछुआ फळबाजारातला आणि कांदा अडकला तर पोस्ता बाजारातला एक विश्वासाचा आडत्या तुमच्या ओळखीचा हवा. त्याला वर्षातून दोन-चार गाड्या एरवीही द्या. अडचणीच्या दिवशी पहिल्यांदा फोन करणाऱ्याला पडता भाव मिळतो.

पहिले वर्ष कसे घालवाल

पहिले तीन महिने कागद आणि भेटी. एकदा तरी नाक्यावर जा आणि पूर्ण दिवस तिथे थांबा. तुमच्याच जिल्ह्याचे ट्रक तिथे दिसतील. त्यांच्या चालकांशी बोला. रांग कुठे लागते, कोणता कागद अडतो, कोणत्या आवारात माल जास्त फुटतो, हे चालक अचूक सांगतात.

चौथ्या महिन्यात एक ट्रक पाठवा. सोबत माणूस पाठवा आणि प्रत्येक टप्प्याची तारीख-वेळ वहीत लिहून ठेवा : खळ्यावरून निघाला कधी, नाक्यावर लागला कधी, परवानगी कधी मिळाली, माल उतरला कधी, पैसे कधी आले. दुसरा ट्रक पहिल्याचे पैसे आल्यावरच. अशा पाच खेपांनंतर तुमच्याकडे स्वतःचा आकडा येतो : माझ्या मालाला सरासरी इतके दिवस लागतात आणि इतके टक्के घट येते. तो आकडा हाती आला की मोठा सौदा करायला हरकत नाही.

पैसे आल्यावर निर्यात वसुलीचे प्रमाणपत्र घ्यायला विसरू नका. ते नसेल तर निर्यात कागदावर अपुरी राहते.

उत्पादक कंपन्यांना एक आग्रहाची विनंती. एकेका कंपनीने वेगवेगळा सीएचए, वेगवेगळा आडत्या आणि वेगवेगळा माणूस नेमण्यापेक्षा तालुक्यातल्या चार-पाच कंपन्यांनी मिळून पेट्रापोलला एक माणूस वर्षभर ठेवावा. त्याचा पगार वाटून घेतला तर एका खराब झालेल्या ट्रकच्या नुकसानीपेक्षा कमी पडतो. आणि धोरणाबद्दलची तक्रार सरकारकडे नेताना भाषणाऐवजी त्या माणसाची वही न्या. कोणत्या तारखेला किती गाड्या, किती तास, किती किलो घट. बंदी घालण्याआधी वाटेतल्या मालाला मुदत द्या, ही मागणी रास्त आहे आणि तिला आकड्यांचा आधार मिळाला तर ती टाळणे सोपे राहणार नाही.

पुढची गाडी भरण्याआधी आपल्या करारात ती एक ओळ शोधा : रेषेवर थांबलेला माल कोणाचा? ओळ सापडली तर गाडी भरा. नसेल तर आधी ती लिहून घ्या.